कतार डिजिटल लायब्ररी: अरब वाळवंटातल्या सरहद्दींची भांडणं मूळ कागदांतून वाचायची असतील तर

सौदी, कुवेत, इराक, जॉर्डन यांच्या सरहद्दी नकाशावर अशा पट्टी ठेवून ओढल्यासारख्या का दिसतात हा प्रश्न तुम्हाला कधी पडला असेल तर कतार डिजिटल लायब्ररी ही साइट एकदा उघडाच. ब्रिटिश लायब्ररी, कतार फाउंडेशन आणि कतार नॅशनल लायब्ररी यांनी मिळून २०१४ मध्ये ही सुरू केली, लंडनमध्ये इंडिया ऑफिसचं (हिंदुस्थानचा कारभार बघणाऱ्या ब्रिटिश सरकारी खात्याचं) जे प्रचंड दफ्तर आहे त्यातले आखाताशी संबंधित कागद पान न् पान स्कॅन करून इथे ठेवलेत, लाखो पानं आहेत, आणि सगळं फुकट. मोबाईलवर चालतं पण खरी मजा मोठ्या स्क्रीनवर कारण एकेक पान झूम करून वाचायचं असतं, समासात कुणीतरी पेन्सिलीने खरडलेलं असतं, खाली आद्याक्षरं असतात, आणि बऱ्याचदा फाइलमधली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तिथेच असते.

आता अरबांच्या भांडणाचे कागद इंडिया ऑफिसात कसे, तर आखाताचा सगळा कारभार हिंदुस्थान सरकारच बघायचं. १८१९ च्या शेवटी मुंबईहून निघालेल्या फौजेने रास अल खैमा घेतलं, जानेवारी १८२० मध्ये तिथल्या शेखांशी करार झाला, आणि इराणच्या किनाऱ्यावर बुशहरला बसणारा रेसिडेंट १८७३ पर्यंत मुंबई सरकारच्या हाताखाली होता, नंतर थेट हिंदुस्थान सरकारच्या. बहरीन, कुवेत, मस्कत इथे पोलिटिकल एजंट, त्यांच्यावर बुशहरचा रेसिडेंट, त्याच्यावर सिमला-दिल्ली, म्हणजे आपल्याकडच्या संस्थानांसाठी जी यंत्रणा होती तीच जवळपास तशीच उचलून तिकडे नेलेली. ज्या सर पर्सी कॉक्सने पुढे नज्द (रियाधभोवतालचा मध्य अरबस्तान), इराक आणि कुवेतच्या सरहद्दी आखल्या त्याची नोकरीतली सुरुवातीची काही वर्षं कोल्हापूर आणि सावंतवाडीत छोट्या हुद्द्यांवर गेली होती, हे वाचलं तेव्हा मी दोन मिनिटं तसाच बसून राहिलो. कुणाला किती मान द्यायचा, कुणाला किती तोफांची सलामी, कुणाचा तनखा चालू ठेवायचा आणि कुणाला दमात घ्यायचं हे सगळं हा माणूस आधी आपल्याकडे शिकला असणार असं माझं मत आहे, आणि पुढच्या फाइल्स वाचताना ते मत पक्कंच होत जातं.

या साइटवर वाचायला घ्यायचं तर माझ्या मते खुर्म्याच्या प्रकरणापासून घ्या. खुर्मा म्हणजे हिजाज (मक्का-मदिनेचा मुलूख) आणि नज्दच्या मधलं विहिरी आणि खजुरीच्या बागा असलेलं एक गाव. पश्चिमेला मक्केचा शरीफ (पैगंबरांच्या वंशातला तिथला सत्ताधीश) हुसेन, पूर्वेला रियाधचा अब्दुल अझीझ इब्न सौद, पुढे सौदी अरेबिया उभा करणारा, आणि पहिल्या महायुद्धात हे दोघेही इंग्रजांचे दोस्त. हुसेनला तुर्कांविरुद्ध उठवलं ते कैरोच्या इंग्रज अधिकाऱ्यांनी, त्याला सुरुवातीलाच महिन्याला १,२५,००० पौंड ठरले. इब्न सौदशी करार केला तो हिंदुस्थान सरकारच्या वतीने कॉक्सने, २६ डिसेंबर १९१५ ला दारीन बेटावर, पुढच्या जुलैत व्हाइसरॉय चेम्सफर्डने तो मंजूर केला, आणि नंतर त्याला महिन्याला ५,००० पौंड सुरू झाले. हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा, इब्न सौदच्या मनात काय खदखदत असेल ते कुणी समजावून सांगायची गरज नाही. आणि त्या दारीनच्या करारात नज्द आणि पूर्व किनाऱ्यावरचे हसा, कतीफ, जुबैल हे मुलूख त्याचे असं मान्य केलं पण त्यांच्या हद्दी नेमक्या कुठवर ते नंतर ठरवू असं लिहून सोडून दिलं, पुढची सगळी भांडणं त्या सोडून दिलेल्या जागेतूनच उगवलीत.

खुर्म्याचा अमीर खालिद बिन लुवै, हा स्वतः शरीफांच्याच घराण्यातला, हुसेनच्या बाजूचा. पण तो वहाबी शिकवणीकडे वळला, हुसेनशी बिनसलं आणि त्याने इब्न सौदचा आसरा धरला. मग गाव कुणाचं? हुसेन म्हणतो अमीर माझा म्हणून गाव माझं, इब्न सौद म्हणतो लोक माझ्या पंथाचे म्हणून लोक माझे. वाळवंटात जमिनीपेक्षा माणसं महत्त्वाची होती, कुठली टोळी कुणाला जकात (इस्लामी धर्मकर) देते त्यावर राज्य ठरायचं, आणि टोळी तर पावसामागे फिरणारी, आज इथे उद्या दोनशे मैलांवर. हे समजून घेतलं नाही तर यातलं कुठलंच भांडण कळत नाही, म्हणून सुरुवातीलाच सांगतोय.

१९१८ मध्ये हुसेनने खुर्म्यावर पुन्हा पुन्हा फौजा पाठवल्या आणि त्या पुन्हा पुन्हा मार खाऊन परत आल्या. आणि इथे ही साइट जे दाखवते ते मला कुठल्याच तयार पुस्तकात एवढं ठसठशीत दिसलं नव्हतं, की भांडण नुसतं हुसेन आणि इब्न सौदचं नव्हतंच, ते कैरो आणि बगदादमधल्या इंग्रज अधिकाऱ्यांचं होतं, फॉरिन ऑफिस (परराष्ट्र खातं) आणि इंडिया ऑफिसचं होतं. कैरोवाले हुसेनची बाजू मांडणार, बगदाद आणि सिमल्याची मंडळी इब्न सौदला दुखवू नका म्हणणार, फिल्बी नावाचा आयसीएस अधिकारी १९१७ च्या अखेरीस रियाधला जाऊन आलेला तो तर इब्न सौदच्या प्रेमातच पडलेला, आणि लंडनमध्ये कर्झन बैठका घेतोय. हिंदुस्थान सरकारची अजून एक काळजी होती ती म्हणजे हाजी. मुंबई हे हजला निघायचं मोठं बंदर, मक्केत काही झालं तर त्याचे पडसाद इथे उमटणार, म्हणून मक्केच्या राजकारणात इंग्रजांचा हात उघडा दिसू नये ही धडपड दिसते. हे सगळं वाचताना एकाच साम्राज्याची दोन टोकं एकमेकांशी आपापल्या अरब राजाच्या नावाने भांडतायत असं चित्र डोळ्यासमोर उभं राहतं.

शेवटी मार्च १९१९ मध्ये लंडनने ठरवलं की खुर्मा हुसेनला घेऊ द्यावं. मागे हिशोब असा की त्याची फौज शिकवलेली आहे, तोफा आहेत, तोच जिंकेल. मेमध्ये त्याचा मुलगा अब्दुल्ला तुरबा गावापर्यंत पोचला आणि २५-२६ मेच्या रात्री इख्वानने (इब्न सौदच्या कट्टर वहाबी टोळीवाल्या लढवय्यांनी) त्याच्या छावणीवर झडप घातली, फौज जवळजवळ सगळी कापली गेली, अब्दुल्ला कसाबसा निसटला. हाच अब्दुल्ला पुढे ट्रान्सजॉर्डनचा (आजच्या जॉर्डनचा) अमीर झाला. तुरब्याच्या आधीचा पत्रव्यवहार आणि नंतरचा पत्रव्यवहार एकामागोमाग वाचा, तेच अधिकारी, तीच सही, पण आधीचा आत्मविश्वास कुठे गेला आणि आता तायफ, मक्का, जेद्दा वाचतं की नाही याची चिंता कशी सुरू झाली ते बघण्यासारखं आहे. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण पुस्तकात आपण निकाल माहीत असताना वाचतो आणि इथे त्या दिवशी त्या माणसाला जेवढं माहीत होतं तेवढंच आपल्यासमोर असतं.

दुसरं मोठं प्रकरण कुवेत आणि उकैरचं. कुवेतमध्ये आपली मराठी माणसं बरीच आहेत, त्यातल्या कुणी जाहराचा लाल किल्ला बघितला असेल तर त्यांनी हे जरूर वाचावं. २९ जुलै १९१३ ला इंग्रज आणि तुर्कांनी एक करार केला होता, त्यात कुवेतभोवती दोन रेघा, लाल रेघेच्या आत शेखचा पूर्ण अधिकार आणि हिरव्या रेघेपर्यंतच्या टोळ्या त्याच्या. महायुद्ध लागलं, करार कायम झालाच नाही, पण शेख सालिम त्या हिरव्या रेघेवर अडून बसला आणि इब्न सौद म्हणाला तुर्क गेले तशा त्यांच्या रेघाही गेल्या. मग १० ऑक्टोबर १९२० ला मुतैर टोळीचा प्रमुख फैसल अल दुवैश याच्या इख्वानने जाहरावर हल्ला केला, सालिम लाल किल्ल्यात कोंडला गेला, इंग्रजांनी जहाजं आणि विमानं पाठवली आणि वेळ निभावली. सालिम १९२१ च्या सुरुवातीला वारला, पण रेघेचा प्रश्न तसाच.

त्यावर कॉक्सने १९२२ च्या मे महिन्यात मुहम्मरा इथे एक करार घडवून आणला, त्यात मुन्तफिक, दाफिर, अमारात या टोळ्या इराककडे आणि नज्दचे शम्मर इब्न सौदकडे अशी माणसांची वाटणी केली, आणि इब्न सौदने त्याला मंजुरीच दिली नाही. म्हणून वर्षाच्या शेवटी उकैर. हसाच्या किनाऱ्यावरचं छोटंसं बंदर, तंबू ठोकलेले, इब्न सौद स्वतः हजर, इराकतर्फे सबीह बेग, आणि कुवेततर्फे कोण, तर मेजर मोर, म्हणजे कुवेतचा इंग्रज पोलिटिकल एजंट. कुवेतचा शेख अहमद तिथे नव्हताच! त्याच्या राज्याची हद्द ठरत होती आणि त्याच्या बाजूने बसला होता इंग्रजांचाच अधिकारी. फ्रँक होम्स हा न्यूझीलंडचा गृहस्थही तिथे तेलाचा परवाना मागायला हजर होता, आणि पुढच्या मे महिन्यात त्याला हसाचा परवाना मिळालाही.

त्या बैठकीची ती प्रसिद्ध गोष्ट बहुतेकांनी ऐकली असेल, दिवसेंदिवस घासाघीस चालली, कॉक्स वैतागला, इब्न सौदला शाळेतल्या पोरासारखं झापलं आणि लाल पेन्सिल घेऊन नकाशावर स्वतःच रेघ ओढली. ही गोष्ट आपल्याला कळते ती डिक्सन नावाच्या अधिकाऱ्याने तीसेक वर्षांनी लिहून ठेवलेल्या आठवणीतून. मला असं वाटतं की हीच एक गोष्ट सगळीकडे पुन्हा पुन्हा सांगून आपण उकैरला फार स्वस्त करून टाकलंय. एका चिडलेल्या साहेबाची पेन्सिल एवढंच ते नव्हतं. त्याच्या आधीची सहा-सात वर्षं पैसा, बंदुका, टोळ्यांच्या याद्या, जुने तुर्की करार यांवर पत्रं फिरत होती, आणि उकैरला ती सगळी एका जागी येऊन थांबली. २ डिसेंबर १९२२ ला जे ठरलं त्यात कुवेत सांगत होतं त्यातला जवळपास दोन तृतीयांश मुलूख इब्न सौदकडे गेला, कारण इराकसाठी इब्न सौदकडून जे घेतलं त्याची भरपाई कुवेतच्या खिशातून झाली. आणि नज्द-इराक, नज्द-कुवेत असे दोन तटस्थ पट्टे ठेवले, जिथे दोन्हीकडच्या टोळ्यांनी चरावं, पाणी भरावं.

त्या तटस्थ पट्ट्यांची मला खरंच कमाल वाटते. सगळ्या करारात टोळ्यांच्या जगण्याची थोडीफार दखल घेतलेली तेवढीच एक गोष्ट. कुवेत आणि सौदीमधल्या पट्ट्यात पुढे १९५३ ला वफ्रा इथे तेल सापडलं आणि मग चराईचं कुणाला सुचणार, १९६० च्या दशकात दोघांनी तो वाटून घेतला.

उकैरच्या करारात अजून एक कलम होतं, सरहद्दीजवळच्या विहिरींवर कुणी किल्ले बांधायचे नाहीत, फौजा जमवायच्या नाहीत. इराकने बुसैया इथे पोलीस चौकी बांधायला घेतली, इराकचं म्हणणं ती सरहद्दीपासून बरीच आत आहे, इब्न सौदचं म्हणणं हा करारभंग आहे, आणि नोव्हेंबर १९२७ मध्ये मुतैर टोळीच्या इख्वानने ती चौकी कापून काढली. आपल्याकडे बांधावरच्या विहिरीवरून दोन घरांत पिढ्यानपिढ्या वैर चालतं ना, तसंच हे, फक्त इथे एका बाजूला विमानं होती. त्यातूनच पुढे इख्वान खुद्द इब्न सौदवर उलटले, मार्च १९२९ ला सिबिलाला त्याने आपल्याच या लढवय्यांना मोडलं. आणि फेब्रुवारी १९३० मध्ये इब्न सौद आणि इराकचा राजा फैसल यांची भेट घडवून आणली ती आखातात ल्युपिन नावाच्या इंग्रज जहाजावर, कारण कोण कुणाच्या दारी जाणार हा प्रश्न. फैसल म्हणजे त्याच हुसेनचा मुलगा, ज्याचं राज्य इब्न सौदने घेतलं होतं. दोघांना समुद्रावर समोरासमोर बसवणं ही साधी गोष्ट नव्हती, हे श्रेय मी इंग्रजांना मोकळ्या मनाने देईन.

ट्रान्सजॉर्डनच्या बाजूचं लवकर उरकतो. नोव्हेंबर १९२५ ला इंग्रजांतर्फे सर गिल्बर्ट क्लेटनने इब्न सौदशी बहरा आणि हद्दा असे लागोपाठ दोन करार केले, वादी सिरहान या खोऱ्याचा मोठा भाग नज्दला गेला. या बाजूचे बरेचसे कागद वसाहत खात्याचे, त्यामुळे इथे आखाताच्या मानाने कमी हाती लागतं.

आता साइट वापरण्याबद्दल. नावांचं स्पेलिंग हा पहिला अडथळा, उकैर जुन्या कागदांत ओजैर, उजैर असंही येतं, इब्न सौदचा बिन सौद होतो, म्हणून एकाच शब्दावर अडून बसू नका, दोन-तीन प्रकारे शोधा आणि मग साल टाकून गाळा. पानाशेजारी मशीनने उतरवलेला मजकूर मिळतो, टाइप केलेल्या तारांसाठी तो छान उपयोगी आहे, हाताने लिहिलेल्या पत्रांना मात्र आपले डोळेच लागतात, शंभर वर्षांपूर्वीच्या हस्ताक्षराची सवय व्हायला वेळ द्यावा लागतो. साइट इंग्रजी आणि अरबीतच आहे. एकदम फाइल उघडून बसू नका, तिथे तज्ज्ञांचे छोटे लेख आहेत ते आधी वाचा, त्यातूनच मूळ कागदाची लिंक मिळते. लॉरिमरचा आखाताचा गॅझेटियरही तिथे आहे, दोन खंड, १९०८ आणि १९१५ चे, त्या काळी फक्त सरकारी वापरासाठी गुप्त ठेवलेला ग्रंथ, आज घरबसल्या वाचता येतो. कुठल्या टोळीच्या किती शाखा, कुठल्या विहिरीला पाणी गोड की खारट, सगळं त्यात. बराचसा मजकूर मोकळ्या परवान्याखाली आहे पण प्रत्येक नोंदीखाली काय लिहिलंय ते बघून मगच कुठे वापरा.

उणीव म्हणाल तर ती साइटची नाही, दफ्तराचीच आहे. सगळं इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेतून. इब्न सौदची, हुसेनची पत्रं आहेत, पण बहुतेक वेळा भाषांतर समोर येतं, काही फाइल्समध्ये मूळ अरबी पत्रही लावलेलं असतं आणि ज्यांना अरबी येतं त्यांनी ते जरूर बघावं. ज्या मुतैर, सुबै, शम्मर लोकांच्या पायाखालची जमीन वाटली गेली ते मात्र फक्त यादीत दिसतात, इतके तंबू, इतके उंट. त्यातल्या एखाद्या बाईने विहीर सरहद्दीपलीकडे गेल्यावर काय केलं असेल हे कुठल्याच तारेत नाही, आणि हे मनात ठेवूनच वाचायला हवं नाहीतर आपणही नकळत साहेबाच्या खुर्चीत बसून विचार करायला लागतो.

आणि हे वाचताना सारखं वाटतं की मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या आपल्या पुराभिलेखागारात मुंबई सरकारच्या राजकीय खात्याचे जे कागद आहेत ते जर असेच घरबसल्या वाचता आले तर आखाताच्या इतिहासाची १८७३ पूर्वीची अर्धी बाजू मराठी पोरापोरींना स्वतः शोधता येईल. इतिहासात एमए करणाऱ्यांनी, यूपीएससीवाल्यांनी आणि आखातात नोकरी करणाऱ्यांनी तर हे वापराच. माझ्याकडून पाचपैकी पाच, फुकट आहे म्हणून नाही, पैसे लागले असते तरी दिले असते.

एक मर्यादा लक्षात ठेवा, साधारण १९५० च्या आसपास हे कागद विरळ होतात, कारण १९४७ नंतर आखाताचा कारभार फॉरिन ऑफिसकडे गेला. त्यामुळे बुरैमीचं, म्हणजे अबुधाबी-ओमानच्या सीमेवरच्या ज्या ओॲसिसवर सौदीनेही हक्क सांगितला त्याचं प्रकरण इथे अर्धंच मिळतं. त्याची सुरुवात मात्र इथेच आहे आणि ती झकास आहे. १९३३ ला इब्न सौदने अमेरिकन कंपनीला तेलाचा परवाना दिला, मग प्रश्न आला की त्याच्या राज्याची पूर्वेकडची हद्द कुठे संपते. इंग्रजांनी तुर्कांबरोबरच्या जुन्या करारातली निळी रेघ बाहेर काढली आणि म्हणाले ही तुम्हाला लागू, तुम्ही तुर्कांचे वारस. जो माणूस पंधरा वर्षं तुर्कांच्या रेघा झुगारत आला तो हे कसं मानेल? १९३५ मध्ये त्याच्यातर्फे फुआद हमजाने एक रेघ मांडली, इंग्रजांतर्फे सर अँड्र्यू रायनने दुसरी, मध्ये उरलेल्या वाळूवर एकमत झालं नाही. त्याच वाळूतून पुढे १९५२ ला तुर्की बिन उतैशान नावाचा सौदी अधिकारी माणसं घेऊन बुरैमीतल्या हमासा गावात येऊन बसला, १९५५ ला जिनिव्हातला लवाद मोडला, ऑक्टोबरमध्ये इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या फौजेने बुरैमी परत घेतलं, आणि अबुधाबी-सौदी करार व्हायला १९७४ उजाडलं. १९५२ नंतरच्या फाइल्ससाठी लंडनला क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जकडे जावं लागतं, पण १९३४-३५ च्या वाटाघाटी इथे सविस्तर वाचता येतात, तिथून घ्या आणि वाचताना शेजारी नकाशा उघडा ठेवा.